हॉर्नचा फॉल्ट शोधण्यासाठी 12 व्होल्टचा टेस्ट लॅम्प : एक अभिप्राय

गाडीचा हॉर्न बंद पडला की पुष्कळ जण थेट नवा हॉर्न बसवून घेतात आणि तोही वाजत नाही, कारण दोष फ्यूज, रिले (बटणाच्या थोड्या करंटवर हॉर्नचा मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), स्टिअरिंगवरचे बटण किंवा अर्थिंग (बॉडीमार्फत बॅटरीच्या निगेटिव्हला जाणारी जोडणी) यांपैकी कुठेतरी असतो. तो शोधण्यासाठी मी ऑटो स्पेअरच्या दुकानातून साधा टेस्ट लॅम्प घेतला. त्याच्या पारदर्शक मुठीत छोटा बल्ब, पुढे अणकुचीदार टोक आणि मागे क्लिप लावलेली वायर असते.

माझ्या गाडीत बटण दाबल्यावर रिलेचा ‘टक’ असा आवाज येत होता, म्हणजे बटण आणि रिलेची कॉइल (आतला स्विच ओढणारे तारेचे वेटोळे) शाबूत होती. हॉर्नचे कपलर (वायरी जोडणारा प्लग) काढले, क्लिप बॅटरीच्या निगेटिव्हला लावली आणि कपलरमधल्या सप्लायच्या पिनेला टोक टेकवून दुसऱ्याला बटण दाबायला सांगितले, तेव्हा बल्ब लख्ख पेटला. फ्यूज आणि रिलेच्या 30 व 87 क्रमांकाच्या पिना (हॉर्नचा करंट रिलेत येण्या-जाण्याच्या) यांतून सप्लाय पुढे येतो आहे, हे त्यावरून कळले. मग क्लिप पॉझिटिव्हला लावून टोक अर्थिंगच्या काळ्या वायरीच्या पिनेला टेकवले, तर बल्ब जेमतेम मिणमिणला. ती वायर बंपरमागे ज्या बोल्टने बॉडीला जोडली होती, तिथल्या थिंबलवर (वायरीच्या टोकाच्या धातूच्या कडीवर) पावसाच्या पाण्याने हिरवट थर चढला होता. तो पॉलिश पेपरने घासून बोल्ट आवळताच हॉर्न खणखणीत वाजू लागला.

मल्टिमीटर जवळजवळ करंट ओढत नाही, त्यामुळे कपलर काढून मोजल्यास एकच तार शिल्लक राहिलेल्या वायरीवरही तो पूर्ण 12 व्होल्ट दाखवतो आणि आपली फसगत होते. 5 वॉटचा बल्ब मात्र सुमारे 0.4 अँपिअर ओढतो. अर्थात हॉर्नला याच्या कितीतरी पट करंट लागतो, म्हणून किंचित गंजलेला जोड बल्बच्या परीक्षेत पास होऊन हॉर्नला नापास करू शकतो. अशा वेळी हॉर्न जोडलेला ठेवून, बटण दाबलेले असताना त्या जोडावर किती व्होल्ट पडतात हे मल्टिमीटरनेच पाहावे लागते. एलईडीचा टेस्टर या कामासाठी घेऊ नये, कारण तोही नगण्य करंट ओढतो.

रिलेचा आवाजच येत नसेल आणि डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागला असेल, तर संशय स्टिअरिंगमधल्या क्लॉक स्प्रिंगवर (स्टिअरिंग फिरतानाही हॉर्नचे बटण आणि एअरबॅगची जोडणी टिकवणाऱ्या गुंडाळलेल्या पट्टीवर) घ्यावा आणि काम जाणकाराकडे सोपवावे. पिवळ्या कपलरांच्या एअरबॅग वायरिंगला हा लॅम्प लावणे धोक्याचे आहे.

लॅम्पविषयी माझ्या तक्रारी दोनच आहेत. वायर इतकी आखूड आहे की बॅटरीपासून डॅशबोर्डखालच्या फ्यूज बॉक्सपर्यंत पोहोचत नाही, आणि क्लिपची स्प्रिंग ढिली असल्याने ती ऐन वेळी निसटते.