कुमारांसाठीच्या अद्भुत कादंबऱ्या: सात महिने, सोळा पुस्तकं आणि वापरानंतरचा अनुभव

ऑक्टोबर ते एप्रिल असे सात महिने ही सोळा पुस्तकं सोलापुरात आठवी ते बारावीच्या वाचकांच्या हातात फिरली. काही एकदाच वाचून परत आली, तर काहींचे कोपरे झिजले. या सगळ्यातून एक कसोटी पक्की झाली. पुस्तकात जादू किती आहे हे पाहू नका, जादू वापरल्यावर पात्राच्या पदरचं काय जातं ते पाहा. जिथे हा हिशेब चोख असतो, तिथे पात्र लक्षात राहतं. जिथे नायक कांडी फिरवून मोकळा होतो, तिथे तिसऱ्या लढाईनंतर वाचक पानं उलटायला लागतो.

सर्वांत वर उर्सुला ले ग्विन यांचं १९६८ सालचं ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’. पुस्तक बारीक आहे. दिवसाला वीस पानं वाचली तरी दहा-बारा दिवसांत हातावेगळं होतं. या बेटांच्या जगात प्रत्येक वस्तूचं एक खरं नाव असतं आणि ते माहीत असेल तरच तिच्यावर जादू चालते. दगडाचं खरं नाव तोल्क. खड्याचा हिरा झाल्याचा भास निर्माण करणं सोपं, पण तो खरोखर हिरा करायचा तर त्याचं नाव बदलावं लागतं आणि त्याबरोबर जगाचा तोलही ढळतो. एका बेटावर पाऊस पाडला तर दुसरीकडे अवर्षण पडू शकतं. सोलापूरच्या पूर्व भागातल्या वाचकाला हे समजावून सांगायची गरज पडत नाही. घरी तेलुगूत रायी, बाजारात कन्नडमध्ये कल्लु, शाळेत मराठीत दगड, अशी एकाच वस्तूची तीन नावं रोज त्याच्या तोंडी असतात. मग यातलं खरं कोणतं, हा प्रश्न तो आपणहून विचारतो. या पुस्तकाचं दार नेमकं तिथेच उघडतं.

गेड हा नायक सुरुवातीला आवडत नाही, आणि आवडूही नये. तो हुशार आहे, गर्विष्ठ आहे, पटकन दुखावणारा आहे. रोक बेटावरच्या शाळेत एका मुलाशी पैज लावून तो मृत स्त्रीला बोलावतो आणि त्या फटीतून एक सावली जगात शिरते. ती फट बुजवताना शाळेचा प्रमुख जीव गमावतो. गेड कित्येक आठवडे अंथरुणाला खिळतो, चेहऱ्यावर जन्माचे व्रण राहतात आणि आधी सर्वांच्या पुढे असलेल्या या मुलाला साधे धडेही जड जाऊ लागतात. चूक केलेल्या नायकाला पुढच्याच प्रकरणात माफ करून टाकायची सवय या प्रकारातल्या कितीतरी लेखकांना आहे. ले ग्विन ते करत नाहीत. सोलापुरी चादर उलटी केली तरी नक्षी तीच राहते, रंग तेवढे पालटतात. गेड आणि त्याची सावली यांचं नातं तसं आहे. शेवट सांगत नाही. एवढंच सांगतो की तिथे तलवार उपयोगी पडत नाही.

एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. गेडचा रंग तांबूस तपकिरी आहे, त्याचा मित्र व्हेच काळा आहे, आणि त्या जगातले बहुतेक लोक सावळेच आहेत. बऱ्याच जुन्या मुखपृष्ठांवर मात्र गोरा नायक रंगवला गेला. तेव्हा मुखपृष्ठावर जाऊ नका, मजकुरावर विश्वास ठेवा.

दुसरा भाग ‘द टूम्ब्स ऑफ अतुआन’. गेडच्या मागे आलेला वाचक इथे हमखास गोंधळतो, कारण निम्म्या पुस्तकापर्यंत गेड जवळजवळ दिसतच नाही. पाच वर्षांची टेनार घरातून उचलली जाते, तिचं नाव काढून घेतलं जातं आणि तिला अंधारातल्या देवतांची पुजारीण केलं जातं. भुयारांची वर्णनं संथ वाटली तरी गाळू नका. कुठलं वळण कुठे जातं हे टेनारला पाठ आहे, आणि तिची सगळी सत्ता त्या पाठांतरात आहे. ती पानं सोडली तर नंतरची तिची घालमेल पोकळ वाटते.

फिलिप पुलमन यांची त्रयी (१९९५, १९९७ आणि २०००) घेताना आधी खरेदीतला घोळ समजून घ्या. पहिल्या भागाचं ब्रिटिश नाव ‘नॉर्दर्न लाइट्स’ आणि अमेरिकी नाव ‘द गोल्डन कंपास’. पुस्तक एकच. दोन नावं बघून दोन प्रती मागवू नका. दुसरा घोळ उच्चाराचा. माणसाचा आत्मा प्राण्याच्या रूपात त्याच्याबरोबर वावरतो, त्याला पुस्तकात जो शब्द आहे त्याचा उच्चार ‘डीमन’ होतो, पण अर्थ राक्षस नव्हे. हे पहिल्याच पानाआधी सांगितलं नाही तर पन्नास पानं उलट्या अर्थाने वाचली जातात. मुलांचे डीमन रूपं बदलत राहतात, मोठ्यांचे एका रूपात स्थिरावतात. वयात येणं म्हणजे काय, याचं इतकं नेमकं चित्र या प्रकारच्या वाङ्मयात माझ्या वाचनात दुसरं नाही.

त्रयीची नायिका लायरा खोटं बोलण्यात पटाईत आहे, आणि पुलमन ते झाकत नाहीत. तिचं खोटं पहिल्या भागात तिला वाचवतं, तिसऱ्या भागात तेच तिच्यावर उलटतं. तिच्याकडचं अलेथिओमीटर हे यंत्र बघा. तबकडीवर छत्तीस चिन्हं असतात. तीन काटे आपण फिरवून प्रश्न मांडायचा, चौथा काटा आपोआप फिरून उत्तर देतो. ती ते उपजत वाचते. एवढं सोपं कसं, असं वाचकाला वाटत राहतं आणि त्याचं उत्तर अगदी शेवटी मिळतं. दुसऱ्या भागातला विल, एका जगातून दुसऱ्या जगात खिडकी कापणाऱ्या सुरीच्या झटापटीत दोन बोटं गमावतो, आणि त्या सुरीच्या प्रत्येक कापाची खरी किंमत काय हेही तिसऱ्या भागातच कळतं. म्हणून ही त्रयी मध्ये सोडू नका. दोन भाग वाचून थांबलेल्याला जादू फुकट मिळाल्यासारखी वाटते. तिसरा भाग जाड आहे, मृतांच्या जगातली प्रकरणं अंगावर येतात, धर्मसंस्थेवर थेट टीका आहे. आठवीला पहिला भाग चालतो, तिसऱ्यासाठी दहावी व्हावी.

गार्थ निक्स यांचं ‘सॅब्रिएल’ (१९९५) आपल्याकडे कमी वाचलं जातं याचं वाईट वाटतं. अठरा वर्षांची नायिका, काम मेलेल्यांना पुन्हा मृत्यूत पाठवण्याचं. छातीवर तिरका चामडी पट्टा, त्यात सात घंटा. सर्वांत लहान रॅना झोपवते. मॉस्राएल जागं करते, पण ऐकणारा जितका जीवनाकडे येतो तितका वाजवणारा मृत्यूकडे ढकलला जातो. पुढे किबेथ चालवते, डिरिम वाचा देते किंवा काढून घेते, बेल्गाएर विचार आणि स्मृती, सॅरानेथ बांधून ठेवते. सातवी अस्टाराएल वाजली की ऐकणारे सगळे मृत्यूत जातात आणि त्यात वाजवणाराही येतो. सोलापुरात जानेवारीतल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत मिरवणुकीतल्या सात नंदीध्वजांचा क्रम आणि मान ठरलेला असतो, हे इथल्या मुलाने लहानपणापासून पाहिलेलं असतं. त्यामुळे सात घंटांचा क्रम त्याला यादी वाटत नाही, विधी वाटतो. तरी वहीच्या पुट्ठ्यावर सात नावं आणि कामं लिहून ठेवावीत, कारण लेखक ऐन प्रसंगात समजावत बसत नाही. उणीव एकच: सॅब्रिएल आणि राजपुत्राचं प्रेम घाईत जमतं. दोघं संकटात एकत्र होते, यापलीकडे कारण सापडत नाही.

आता ‘एरागॉन’. क्रिस्टोफर पाओलिनी यांनी ते पंधराव्या वर्षी लिहायला घेतलं, आणि ते जागोजागी जाणवतं. खेड्यातला मुलगा, वृद्ध गुरू, ड्रॅगन, दुष्ट राजा, सगळं ओळखीचं. प्रवासाची वर्णनं लांबतात. मात्र नियम पक्के आहेत. एखादं काम जादूने करायला तेवढीच शक्ती लागते जेवढी हाताने करायला लागली असती. आणि प्राचीन भाषेत खोटं बोलता येत नाही. दुसऱ्या भागात, ‘एल्डेस्ट’मध्ये, याचा जो परिणाम दिसतो त्यासाठी आधीची सगळी पानं सहन करावीत. एरागॉन एका तान्ह्या मुलीला आशीर्वाद देतो. म्हणायचं असतं ‘संकटांपासून तुझं रक्षण होवो’, व्याकरण चुकतं आणि अर्थ होतो ‘तू संकटांपुढची ढाल हो’. एल्व्हा नावाची ती मुलगी दुसऱ्यांचं दुःख अंगावर झेलत अकाली मोठी होते. कर्तरी आणि कर्मणी प्रयोगातला फरक शिकवायला याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही. अख्ख्या मालिकेतलं सर्वांत खरं पात्र माझ्या मते एल्व्हा आहे, आणि ती नायकाच्या चुकीतून जन्मते.

ली बार्डुगो यांचं ‘सिक्स ऑफ क्रोज’ (२०१५) अकरावी-बारावीचे वाचक एका आठवड्यात संपवतात. पहिलं प्रकरण जूस्ट नावाच्या पहारेकऱ्याचं आहे, त्याच्यात जीव गुंतवू नका. पुढे सहा जणांच्या टोळीतले पाच जण आळीपाळीने सांगतात. सहावा वायलन, त्याची बाजू दुसऱ्या भागात उघडते. प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर नाव असतं. ते न वाचता पुढे गेलात तर गोंधळ ठरलेला. टोळीचा म्होरक्या काझ ब्रेकरचे हातमोजे ऐट म्हणून नाहीत, त्याला माणसाच्या त्वचेचा स्पर्श सोसत नाही, आणि त्याचं कारण लेखिका तुकड्यातुकड्याने उघडते. तक्रार वयाची आहे. काझ सतरा वर्षांचा, पण बोलतो, डाव आखतो, टोळी चालवतो तो तीस वर्षांच्या माणसासारखा. वय खोडून सत्तावीस केलं तरी एक वाक्य बदलावं लागणार नाही. कुमारांच्या कादंबरीत ही उणीवच म्हणायची.

‘हाउल्स मूव्हिंग कासल’ (१९८६) वाचताना २००४ सालचा जपानी चित्रपट बाजूला ठेवा. त्यातलं युद्ध मूळ पुस्तकात तसं नाही. डायना विन जोन्स यांची सोफी शापाने म्हातारी होते आणि मगच फटकळपणे बोलायला मोकळी होते, ही गंमत पुस्तकात जास्त खुलते.

रिक रायर्डन यांचं ‘द लायटनिंग थीफ’ (२००५) इंग्रजी वाचनाची सुरुवात म्हणून उत्तम आहे. वाक्यं छोटी आहेत, बोलणारा मुलगा बारा वर्षांचा आहे, आणि त्याला वाचताना अक्षरं नाचताना दिसतात. वाचायला अडखळणाऱ्या मुलाला इथे आपल्यासारखा नायक भेटतो. किंमतीचा हिशेब मात्र सैल आहे. रोशनी चोक्सी यांच्या ‘अरू शाह’मध्ये पांडवांचे आत्मे मुलींच्या रूपात जन्मतात. कल्पना झकास, पण अर्जुन कोण, यम कोण हे परदेशी वाचकासाठी थांबून थांबून सांगितलंय. आपल्या मुलांनी ते परिच्छेद सरळ ओलांडावेत.

मराठीतून सुरुवात करायची तर ‘हॅरी पॉटर आणि परीस’ आहेच. सतरा प्रकरणं आहेत, रोज एक घेतलं तर अडीच आठवडे. पाचव्या भागात अडतीस प्रकरणं आहेत, तेव्हा सातही भागांचा संच एकदम घेण्याआधी पहिले दोन वाचून बघा. इथे जादू जवळपास फुकट आहे, पण शाळा, वेळापत्रक, गुण कापणारे मास्तर यांमुळे जग उभं राहतं. मराठीत ‘मुक्तामाला’ १८६१ ची आणि ‘मंजुघोषा’ १८६८ ची, म्हणजे अद्भुतरम्य कादंबरी आपल्याला नवी नाही. पण चौदा-पंधरा वर्षांच्या वाचकासाठी तिचा स्वतंत्र कप्पा भरलाच गेला नाही, ही खंत आहे.

प्रतींबद्दल. रस्त्यावरची स्वस्त नक्कल घेऊ नका. शाई पुसट असते, आणि सोळा पानांचा एखादा फर्मा दोनदा येतो किंवा मुळातच नसतो. विकत घेताना पान क्रमांक १६, ३२, ४८ असे सोळाच्या टप्प्याने शेवटपर्यंत तपासा, दोन मिनिटं लागतात. पाचशे पानांवरच्या पेपरबॅकची पाठ फक्त गोंदावर असते. एप्रिल-मेच्या उन्हात ती दुचाकीच्या डिकीत राहिली की गोंद मऊ होतो आणि पानं सुटतात. नवी प्रत मधोमध दाबून उघडू नका. आधी दोन्ही बाजूंनी वीस-वीस पानं हलकेच दाबत मध्यापर्यंत या.

वहीत तीन रकाने करा: पात्राचं नाव देवनागरीत, कोणती शक्ती, त्याबदल्यात काय गेलं. तिसरा रकाना शंभर पानांनंतरही कोरा असेल तर ते पुस्तक बदलून घ्या. ‘अर्थसी’च्या वेळी तो रकाना दुसऱ्या पानावर जातो.

आणि अर्थसी मालिकेतल्या ‘टेहानू’ची घाई नको. १९९० चा हा चौथा भाग आधीच्या तिन्हींच्या शेजारी ठेवलेला असतो, म्हणून मुलं लगेच उचलतात आणि वीस पानांत ठेवून देतात. गेडची शक्ती संपलेली आहे, टेनार मध्यमवयीन विधवा आहे, घरात एक भाजलेली मुलगी आहे, शेळ्या आहेत, भांडी आहेत. सतरा-अठराव्या वर्षी ते हातात द्यावं, आणि त्याआधी पहिले तीन भाग पुन्हा एकदा वाचायला सांगावेत.