पारदर्शक बरणीतली पॅप्रिका: काही महिन्यांच्या वापरानंतर

ठाण्यात जांभळी नाक्यावर चांगली बेडगी मिळत असताना तिच्या कितीतरी पट पैसे मोजून हंगेरीची गोड पॅप्रिका, म्हणजे तिखट नसलेली लाल मिरचीची पूड, घ्यावी का, या प्रश्नाला सुरुवातीला माझे उत्तर ठाम नकारार्थी होते. दोन्ही कॅप्सिकम ॲनम या एकाच प्रजातीच्या मिरच्या. मूळची मेक्सिकोकडची ही मिरची कोलंबसाच्या सफरींनंतर स्पेनमध्ये पोहोचली; पुढे पोर्तुगिजांनी ती आपल्याकडे आणली आणि तुर्कांच्या अमलात ती हंगेरीत रुजली. तिथल्या सेगेद आणि कालोचा या गावांच्या परिसरात बिया आणि तिखटपणा साठवणाऱ्या आतल्या पांढऱ्या शिरा काढून ती दळली जाऊ लागली, आणि नंतर मुळातच गोड असलेली वाणेही तयार झाली. सेगेदमध्येच अल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी या शास्त्रज्ञांनी पॅप्रिकाच्या मिरच्यांतून क जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणात मिळवले. 1937 चे नोबेल त्यांना मिळाले.

माझे मत बदलले ते तुपामुळे. कडकडीत फोडणीत हिच्यातली साखर लगेच करपते आणि कडवटपणा येतो. पण गॅस बंद करून कोमट तुपात चमचाभर पूड कालवली की तूप क्षणात केशरी-लाल होते, कारण कॅप्सॅन्थिनसारखी तिची रंगद्रव्ये स्निग्ध पदार्थात विरघळतात. उकडलेल्या बटाट्यांवर हे तूप ओतल्यावर जी गोडसर, भरीव चव येते, ती आमच्या घरच्या बेडगीच्या तिखटात मला आढळली नाही. इथपर्यंत पैसे वसूल झाले असे मी म्हणेन.

त्यानंतर मात्र बरणीने घात केला. व्यापारात पॅप्रिकाची प्रत मुख्यतः रंगावर ठरते आणि तो रंग प्रकाशाने उडतो, हे ठाऊक असूनही ती पारदर्शक काचेत विकणे मला अक्षम्य वाटते. ओट्याजवळच्या फळीवर ठेवलेल्या बरणीत खिडकीकडची पूड विटकरी-तपकिरी झाली. लेबल सोलले तेव्हा त्याखालची पूड लालच होती. कडा इतक्या सरळ होत्या की लेबलाचा चौकोन काचेवर जसाच्या तसा दिसत होता. छायाचित्रे पाठवल्यावर कंपनीच्या ग्राहक सेवेने कळवले की नैसर्गिक उत्पादनाचा रंग कमीजास्त असतो आणि मुदत संपलेली नसल्याने बदलून मिळणार नाही. पिकातला फरक लेबलाच्या मापाने पडत नाही, हे मी लिहिले. त्याला उत्तर आले नाही. स्पेनमध्ये ला वेरा या भागातली, ओकच्या धुरावर वाळवलेली पॅप्रिका पत्र्याच्या डब्यांत विकण्याची जुनी पद्धत आहे, म्हणजे उपाय काही नवा शोधायचा नाही.

उरलेली पूड मी स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवली आहे. पुन्हा घेईन ती बंद पत्र्याच्या डब्यातलीच, आणि तीही लहान. तोवर उन्हाळ्यात कांडपाला देताना थोडी बेडगी बिया-शिरा काढून वेगळी दळून आणणार आहे.