इंजिनासाठी घेतलेला ट्रक : राम ३५०० आणि ६.७ लिटर कमिन्स डिझेल

आम्ही कोलोराडोत राहतो आणि आमचे ओझे ठरलेले आहे. साधारण १२,००० पौंडांचा, म्हणजे साडेपाच टनांच्या आसपासचा, फिफ्थ व्हील प्रकारचा, म्हणजे ट्रकच्या हौद्यात जोडायचा, कॅम्पर (चाकांवरचे घर) घेऊन आम्ही वर्षातून सहा-सात वेळा डेन्व्हरच्या पश्चिमेला रॉकी पर्वत ओलांडतो. इंटरस्टेट ७० वरचा आयझेनहॉवर बोगदा समुद्रसपाटीपासून ११,१५८ फुटांवर आहे आणि त्याच्या दोन्ही अंगांना सात टक्क्यांपर्यंतचे चढ आहेत. टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाची ताकद दर हजार फुटांना साधारण तीन टक्क्यांनी घटते, त्यामुळे त्या बोगद्याच्या तोंडाशी पोहोचेपर्यंत कागदावरच्या ताकदीतला जवळजवळ तिसरा हिस्सा विरळ हवेनेच खाल्लेला असतो. याआधी एक हलका कॅम्पर आम्ही पेट्रोलच्या ट्रकने ओढत होतो. चढावर इंजिन मिनिटाला पाच हजार फेऱ्यांवर ओरडत असायचे, वेग ताशी ३५ मैलांवर यायचा आणि मागच्या बाकावरची मुले गप्प व्हायची. टर्बो डिझेलमध्ये हवा दाबून भरली जाते, म्हणून उंचीचा फटका फार कमी बसतो. मोठा कॅम्पर घ्यायचे ठरले तेव्हा डिझेल हे पक्के होते. प्रश्न कोणते डिझेल हा होता.

अमेरिकेत या वर्गात खरी निवड तिघांतच आहे : फोर्ड सुपर ड्यूटीमधले ६.७ लिटरचे पॉवर स्ट्रोक, शेवरले आणि जीएमसीमधले ६.६ लिटरचे ड्युरामॅक्स आणि राम या पिकअपमधले ६.७ लिटरचे, कमिन्स कंपनीचे इंजिन. पहिली दोन व्ही आकाराची, आठ सिलिंडरची. कमिन्स मात्र एका ओळीत सहा सिलिंडरचे. आकड्यांवर निवड करायची तर फोर्ड पुढे आहे. २०२३ पासून त्याचे जास्त ताकदीचे इंजिन ५०० अश्वशक्ती आणि १,२०० पौंड-फूट टॉर्क (फिरवण्याचे बळ) देते. २०२४ च्या ड्युरामॅक्सचे आकडे ४७० आणि ९७५ असे आहेत. मी घेतलेल्या २०२२ च्या राम ३५०० मध्ये जास्त ताकदीचे कमिन्स आहे. ते ४२० अश्वशक्ती आणि १,०७५ पौंड-फूट, म्हणजे सुमारे १,४५८ न्यूटन-मीटर देते. अश्वशक्तीत तिघांत सगळ्यात मागे असलेले इंजिन मी पूर्ण विचारांती निवडले, म्हणून त्याची कारणे सविस्तर मांडतो.

पहिले कारण इंजिनाच्या घडणीत आहे. कमिन्सच्या सिलिंडरचा व्यास १०७ मिलिमीटर आणि पिस्टनचा पल्ला १२४ मिलिमीटर आहे. ड्युरामॅक्समध्ये हेच माप १०३ आणि ९९ आहे, तर पॉवर स्ट्रोकमध्ये ९९ आणि १०८. लांब पल्ल्याचे इंजिन कमी फेऱ्यांवर ओढते, आणि कमिन्सचा पूर्ण टॉर्क १,८०० फेऱ्यांवरच हाताशी येतो. ओळीतल्या सहा सिलिंडरचा तोल मुळातच जमलेला असतो, क्रँकशाफ्टला सात मुख्य बेअरिंगांचा आधार असतो, सिलिंडर हेड एकच असते आणि टर्बो, फिल्टर, इंजेक्टर यांच्यापर्यंत हात पोहोचतो. सुपर ड्यूटीवर मोठे काम निघाले तर अनेक गॅरेजांत आख्खी केबिनच उचलून बाजूला करतात. काम करणारा कितीही निष्णात असला तरी ते तास मालकाच्या बिलात लागतात. ट्रक दहा-बारा वर्षे ठेवायचा असेल तर हा विचार पन्नास-ऐंशी अश्वशक्तीपेक्षा मला मोठा वाटतो.

दुसरे कारण ओळखीचे आहे, आणि मी ते लपवत नाही. माझे लहानपण पुण्यात कोथरूडला गेले, जिथे १९६२ पासून किर्लोस्कर कमिन्सचे, म्हणजे आजच्या कमिन्स इंडियाचे, नाव घरोघरी माहीत होते. माझे मामा मालवाहतूक करत आणि त्यांच्या टाटा ट्रकमध्ये ५.९ लिटरचे, ओळीत सहा सिलिंडरचे कमिन्स होते. टाटा आणि कमिन्स यांनी १९९३ मध्ये एकत्र कंपनी काढून जमशेदपूरला जी बी मालिकेची इंजिने बनवायला घेतली, त्यांतलेच ते. अमेरिकेत डॉज कंपनीने, जिचे पिकअप आज राम नावाने विकले जातात, हेच ५.९ लिटरचे इंजिन १९८९ मध्ये पिकअपमध्ये बसवले, तेव्हा ते १६० अश्वशक्ती आणि ४०० पौंड-फूट टॉर्क देत होते. आजचे ६.७ लिटरचे इंजिन त्याच घराण्यातले आहे. शोरूममध्ये बॉनेट उघडल्यावर ते लांबलचक, एकाच ओळीतले लोखंड दिसले आणि मला त्याची मांडणी कुणी समजावून सांगावी लागली नाही. मामांच्या ट्रकखाली पाने धरून उभे राहताना ती पाठ झाली होती.

एवढे ठरल्यावरही मी जवळजवळ चुकीचा ट्रक घेणार होतो. एका विक्रेत्याने मला ३५०० पेक्षा हलका राम २५०० दाखवला. इंजिन कमिन्सच, थोड्या कमी ताकदीचे, ३७० अश्वशक्ती आणि ८५० पौंड-फूट. ओढण्याची क्षमता १२,००० पौंडांपेक्षा कितीतरी जास्त छापलेली होती आणि त्याने छातीठोकपणे सांगितले की, तुमचा कॅम्पर हा ट्रक सहज नेईल. मी चालकाच्या बाजूचे दार उघडून चौकटीवर चिकटवलेली पट्टी वाचली. माणसे आणि सामान मिळून त्या ट्रकवर किती वजन चालेल ते तिथे लिहिलेले असते, आणि तो आकडा २,०५० पौंडांच्या आसपास होता. फिफ्थ व्हील कॅम्परची खुंटी हौद्यातल्या जोडणीत बसते आणि त्याच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा ट्रकच्या पाठीवर येतो. आमच्या बाबतीत तो २,४०० पौंड होता. त्यात जोडणीचे २००, आम्हा चौघांचे ५५० आणि किरकोळ सामानाचे २०० धरले की बेरीज ३,३५० होते. म्हणजे ट्रक ओढू शकला असता, पण वाहू शकला नसता.

याचे मूळ इंजिनातच आहे. कमिन्स हे सुमारे अर्ध्या टनाचे धूड आहे, आणि २५०० चे भरलेले एकूण वजन १०,००० पौंडांच्या मर्यादेत ठेवलेले असते. त्यामुळे इंजिन जितके जड, तितके मालाला उरलेले वजन कमी. याच कारणाने पेट्रोलचा २५०० हा डिझेलच्या २५०० पेक्षा पाठीवर जास्त माल घेतो. हे लक्षात न घेता केवळ इंजिनासाठी डिझेलचा २५०० घेणारे आणि त्याला मोठा फिफ्थ व्हील जोडणारे लोक मी दर उन्हाळ्यात कॅम्पिंगच्या मैदानावर पाहतो. मागचा भाग बसलेला असतो आणि पुढचे दिवे झाडांच्या शेंड्यांकडे पाहत असतात. मला त्यांच्याबद्दल खरोखर काळजी वाटते, कारण पुढच्या चाकांवरचे वजन कमी झालेला ट्रक घाटात वळणावर नीट वळत नाही. मी एकेरी मागच्या चाकांचा राम ३५०० घेतला. त्याच्या पट्टीवरचा आकडा ३,९०० पौंडांच्या वर आहे. २५०० ला मागे कॉइल स्प्रिंग असतात, ३५०० ला पाटे असतात, आणि त्याची किंमत रिकाम्या ट्रकमध्ये मोजावी लागते : खराब रस्त्यावर मागचा आस उड्या मारतो आणि ते हाडांना जाणवते.

आता वापराविषयी. तीन वर्षांत ट्रक ४१,००० मैल चालला. चढावर तो काय करतो ते थोडक्यात सांगता येते : बोगद्याकडे चढताना ताशी ५५ मैल टिकतात आणि इंजिनाचा आवाज बोलण्याच्या आड येत नाही. उतारावर तो जे करतो त्यासाठी मात्र मी हा ट्रक पुन्हा घेईन. बोगद्यातून पश्चिमेला बाहेर पडल्यावर सिल्व्हरथॉर्नपर्यंत सुमारे आठ मैलांचा उतार आहे. मामा बोरघाटात नेहमी सांगत, ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये तो उतरायचा आणि ब्रेक तापू द्यायचा नाही. इथे डॅशबोर्डवरचे एक्झॉस्ट ब्रेकचे बटन दाबले की टर्बोमधली हलती पाती मिटत येतात, धुराची वाट अडते आणि इंजिन स्वतःच्याच दाबाविरुद्ध फिरू लागते. आयसिन कंपनीचा सहा गिअरचा ऑटोमॅटिक आपणहून खालचा गिअर घेतो, धुराड्यातून एक खर्जातला घुमार येतो आणि साडेपाच टनांचा कॅम्पर मागे असूनही काटा ५० च्या जवळ राहतो. पहिल्यांदा तो उतार उतरलो तेव्हा मी पायाच्या ब्रेकला चार वेळा स्पर्श केला. खाली उतरून चाकांजवळ हात नेला तर ती कोमट होती. जुन्या ट्रकने हाच उतार उतरल्यावर करपलेल्या ब्रेकचा वास गावात शिरेपर्यंत सोबत असायचा.

इंधनाचा हिशेब असा : रिकाम्या ट्रकला महामार्गावर गॅलनला १७ मैल, म्हणजे लिटरला सुमारे ७ किलोमीटर, आणि कॅम्परसह १० मैल. पेट्रोलच्या इंजिनापेक्षा डिझेलसाठी सुमारे १०,००० डॉलर जास्त मोजावे लागतात आणि नुसत्या इंधनाच्या बचतीतून ते वसूल होत नाहीत. हा खर्च घाटासाठी आणि टिकाऊपणासाठी आहे असे समजूनच करावा.

देखभाल मी घरी करतो. ऑइल १२ क्वार्ट, म्हणजे अकरा लिटरांहून जास्त लागते. डिझेलचे फिल्टर दोन आहेत : एक इंजिनावर, दुसरा चेसिसला. दर १५,००० मैलांना दोन्ही बदलायचे असतात आणि यात मी एक दिवसही टाळाटाळ करत नाही. चेसिसवरच्या फिल्टरखालची तोटी सैल केली की आधी काचेच्या बरणीत तळाशी गढूळ पाण्याचे थेंब जमतात आणि त्यावर डिझेल तरंगते. हे थेंब पंपापर्यंत पोहोचले तर काय होते, याचा इतिहास या वर्गातल्या प्रत्येक खरेदीदाराने वाचला पाहिजे. बॉशचा सीपी४ हा उच्च दाबाचा पंप डिझेलनेच वंगण घेतो. तो तुटला की धातूचा कीस इंजेक्टरपर्यंत पसरतो आणि दुरुस्ती हजारो डॉलरांत जाते. फोर्डने तो २०११ पासून वापरला, ड्युरामॅक्समध्ये २०११ ते २०१६ या काळात तोच होता. रामने २०१९ आणि २०२० मध्ये तो बसवला, नंतर ते ट्रक परत बोलावून त्यांत त्याआधीचा सीपी३ पंप घातला, आणि २०२१ पासून सीपी३ च येऊ लागला. मी वापरलेला ट्रक घेताना २०२२ च्या मॉडेलचा आग्रह धरला तो यासाठी.

उणिवाही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हव्यात. इंजिनात शिरणारी हवा थंडीत गरम करणाऱ्या जाळीचा बोल्ट सैल होऊन सिलिंडरमध्ये पडण्याचा धोका या इंजिनात आहे, आणि मी तो घेतल्याबरोबर तपासून घेतला. उत्सर्जनाच्या बाबतीत कमिन्सवर मोठा डाग आहे : राम ट्रकांच्या इंजिनांतील नियमबाह्य यंत्रणेबद्दल कंपनीने अमेरिकी सरकारला १.६७५ अब्ज डॉलरांचा दंड देण्याचे डिसेंबर २०२३ मध्ये मान्य केले. ज्या नावावर पुण्यातली माझी पिढी डोळे मिटून विश्वास ठेवत आली, त्या नावाविषयी हे वाचताना मला वाईट वाटले, आणि त्या इंजिनाचे कौतुक करताना हे वगळणे मला प्रामाणिक वाटत नाही.

ज्यांचा ट्रक दिवसभर शाळा, बाजार आणि कार्यालय एवढाच फिरतो, त्यांनी मात्र या तिघांपैकी कोणतेही डिझेल घेऊ नये. धुरातली काजळी अडवणारा फिल्टर स्वतःला जाळून साफ करतो, पण त्यासाठी इंजिन बराच वेळ तापलेले राहावे लागते. तीन-तीन मैलांच्या फेऱ्यांत ते कधीच घडत नाही आणि फिल्टर तुंबतो. त्यात युरियाच्या द्रावणाची टाकी भरत राहायची, आणि हिवाळ्यात रात्री इंजिनाच्या हीटरची वायर भिंतीतल्या सॉकेटला लावायची. आमच्याकडे रोजच्या कामाला वेगळी छोटी मोटार आहे, म्हणून हे जमते. आठ फुटी हौद्यासह हा ट्रक जवळजवळ २२ फूट लांब आहे. वाणसामानाच्या दुकानापुढे तो लावायला मला दोन जागा लागतात.

आज नवा घेणाऱ्याला २०२५ पासूनचे मॉडेल मिळेल. त्यात ४३० अश्वशक्ती आहे, आठ गिअर आहेत आणि त्या जाळीच्या जागी ग्लो प्लग (सिलिंडर गरम करणाऱ्या कांड्या) आहेत, म्हणजे बोल्टची धास्ती गेली. पैसे असतील तर तोच घ्यावा. वापरलेला घेणार असाल तर २०२१ किंवा त्यानंतरचा ३५०० पाहावा, आणि किंमत विचारण्याआधी चालकाचे दार उघडून ती पट्टी वाचावी.