उन्हाळाभर वापरलेली कोंबड्यांची पूरकं: काय ठेवलं, काय बंद केलं

लेयरला (अंड्यांच्या कोंबड्यांना) खाण्याचा सोडा आणि क जीवनसत्त्व, ब्रॉयलरला (मांसाच्या कोंबड्यांना) बीटेन, दोन्हींना पाण्यातून इलेक्ट्रोलाइट (क्षारांची पावडर). अख्खा उन्हाळा वापरल्यावरचं हे मत.

सगळ्यात जास्त फरक सोड्याने पडला. कोंबडीला घाम येत नाही, उन्हाळ्यात ती मुख्यतः धापा टाकूनच अंगातली उष्णता काढते. त्या धापेबरोबर कार्बन डायऑक्साइड निघून जातो, रक्तातलं बायकार्बोनेट घटतं आणि अंड्याचं कवच पातळ पडतं. खाद्यात टनाला २ किलो सोडा घातल्यावर तडकलेली अंडी कमी झाली. मात्र मीठ तेवढंच ठेवून वर सोडा घातला, तर सोडियम वाढतं, पक्षी जास्त पाणी पितात आणि विष्ठा पातळ होते. २ किलो सोड्यामागे साधारण १.४ किलो मीठ कमी करा. पूर्ण काढू नका, क्लोराइड कमी पडतं.

क जीवनसत्त्व कोटेड (वर आवरण असलेलं) घ्या, टनाला २०० ते २५० ग्रॅम. साधी पावडर पेलेट (खाद्याच्या दाबलेल्या गोळ्या) बनवतानाच्या उष्णतेत बरीचशी वाया जाते. पाण्यातून द्यायचं तर त्या वेळेपुरतं क्लोरीन बंद ठेवा आणि द्रावण ४-५ तासांत संपेल एवढंच करा. सोडा त्याच टाकीत टाकू नका. फेस येतो, शिवाय सामू (pH) वाढला की क जीवनसत्त्व लवकर खराब होतं.

बीटेन टनाला १ किलो. पेशीतलं पाणी धरून ठेवतं, लिटर (शेडमध्ये खाली पसरलेला भुसा) जरा कोरडं राहिलं. वजनातला फरक डोळ्यात भरण्याइतका नाही. महाग वाटलं तर आधी हेच वगळा.

इलेक्ट्रोलाइटच्या पाकिटावर घटक वाचा. पहिलाच घटक डेक्स्ट्रोज असेल तर साखरेचेच पैसे देताय. वर पाइपमध्ये बुळबुळीत थर धरतो, निपल (पक्षी पाणी पितात त्या छोट्या तोट्या) तुंबतात आणि ऐन दुपारी टोकाच्या निपलला पाणीच पोचत नाही. रोज संध्याकाळी लाइन फ्लश करा.

वेळ चुकली तर यातलं काहीच उपयोगी पडत नाही. पक्षी चोच उघडून, पंख पसरून बसल्यावर पाण्यात पावडर टाकणं म्हणजे वरातीमागून घोडं. सकाळच्या गारव्यातच सुरू करा. ऊन चढायच्या चार-पाच तास आधी खाद्य उचला, कारण पचनाची उष्णता खाल्ल्यानंतर साधारण तेवढ्याच तासांनी बाहेर पडते. टाकी उन्हात असेल तर आधी तिच्यावर सावली करा. गरम पाणी पक्षी पीत नाहीत, मग त्यात काहीही घाला. आणि खाद्यात निकार्बाझिन (कॉक्सिडिओसिस या आतड्याच्या रोगावरचं औषध) आहे का, तेही पाहून घ्या. उन्हाळ्यात त्याने मरतुक वाढते.