कॅनडात स्की रिसॉर्टला सीझनची नोकरी म्हणून सोलापुरात पैसे घेतायत, सावध राहा

हॉटेल मॅनेजमेंट केलेल्या पोरांनी आणि त्यांच्या घरच्यांनी हे पूर्ण वाचा. माझ्या ताईचे २ लाख ४० हजार गेलेत, त्यातले बरेचसे पाटल्या पतसंस्थेत गहाण ठेवून काढलेले. भाच्याला कॅनडातल्या व्हिस्लर या स्कीच्या गावाला पाठवतो म्हणून घेतले.

ऑफिस सात रस्त्याकडं, एसी, भिंतभर बर्फाचे फोटो. काम लिफ्ट ऑपरेटरचं, म्हणजे डोंगरावर जाणाऱ्या रोपवेच्या खुर्च्यांवर लोकांना बसवायचं, उतरवायचं, साचलेला बर्फ फावड्यानं काढायचा. असं काम तिथं खरंच असतं, नोव्हेंबरच्या शेवटी सीझन चालू होतो तेव्हा पोरं लागतातच, म्हणून तर संशय येत नाही. गूगल केलं तर गाव खरं, ऑफर लेटरवरचं हॉटेल खरं, २०१० च्या हिवाळी ऑलिंपिकच्या स्कीइंगच्या शर्यती तिथं झाल्या तेही खरं. खोटा फक्त मधला कागद.

आणि घाई. एजंटचं दर वेळी एकच, "मामा, सीझन चुकला की वर्ष गेलं, आज संध्याकाळपर्यंत टाका." रजिस्ट्रेशनचे २५ हजार, एलएमआयए म्हणजे तिथल्या सरकारी परवानगीच्या कागदाचे १ लाख २० हजार, व्हिसा फाईलचे ८० हजार, आणि वर थंडीच्या किटचे १५ हजार, जाकीट आणि हातमोजे. मे महिन्यात, बाहेर सोलापूरचं ऊन असताना पोरगं ते जाकीट घालून आरशासमोर उभं होतं आणि ताई कौतुकानं बघत होती, ते आठवलं की अजून संताप होतो. पैसे कंपनीच्या खात्यावर नाही, कुणाच्यातरी सेव्हिंग खात्यावर यूपीआयनं आणि थोडे रोख.

ऑफर लेटर आता माझ्यासमोर आहे. हॉटेलचा लोगो धुरकट, कुठूनतरी कॉपी केलेला. पत्ता व्हिस्लर, अल्बर्टा. व्हिस्लर ब्रिटिश कोलंबियात आहे, व्हँकुव्हरपासून साधारण १२० किलोमीटर, अल्बर्टात बॅन्फ येतं. स्वतःच्या हॉटेलचा प्रांत एचआरवाला चुकेल का? पगार तासाला ३८ डॉलर, तेव्हा ब्रिटिश कोलंबियातलं किमान वेतन १७.४० होतं आणि हे नवख्या पोराला त्याच्या दुपटीहून जास्त देणार. राहायला फ्री फ्लॅट, जिथं घरांची एवढी टंचाई आहे की स्टाफला एका खोलीत दोघंतिघं ठेवतात आणि भाडं पगारातून कापतात. ईमेल साध्या जीमेलवरून. भाच्यानं शेवटी हॉटेलच्या खऱ्या वेबसाईटवरून पत्ता घेऊन मेल टाकला, दोन ओळींचं उत्तर आलं, हे लेटर आमचं नाही.

आता एलएमआयएचं बघा, कारण सगळ्यात मोठी रक्कम त्याच्याच नावावर काढली. आम्हाला इथं कामाला माणूस मिळत नाही, बाहेरून आणायची परवानगी द्या, असा अर्ज मालक तिथल्या सरकारकडं करतो, त्यातून मिळतो तो हा कागद. त्याची फी एका जागेला १००० कॅनडियन डॉलर, ती मालकानंच भरायची, कामगाराकडून वसूल करायला बंदी आहे. म्हणजे तुमच्याकडं कुणी एलएमआयएचे पैसे मागितले की तिथंच उठायचं, पुढचं ऐकायचंच नाही. आणि "वर्किंग हॉलिडेवर जा", म्हणजे फिरता फिरता काम करायच्या व्हिसावर, म्हणतात तेही फसवं, ऑस्ट्रेलिया-इंग्लंडची पोरं त्या व्हिसावर येतात, भारताचा कॅनडाशी तसा करारच नाही. टुरिस्ट व्हिसावर जाऊन कामाला लागायचं तर तेही बेकायदा.

आपल्याकडं परदेशी नोकरी लावणारा एजंट सरकारकडं रजिस्टर असावा लागतो, १९८३ चा कायदा आहे, ई-मायग्रेट साईटवर नाव टाकून दिसतं, आणि त्याला जास्तीत जास्त ३० हजार अधिक जीएसटी एवढंच घेता येतं. या माणसाचं नाव तिथं नाहीच. भिंतीवर फ्रेम करून लावलेलं सर्टिफिकेट दुकानाच्या नोंदणीचं, शॉप ॲक्टचं होतं.

तक्रार दिलीय. सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाईनला फोन केला पण बँकेत पैसे थांबवायला उशीर झाला होता, पैसे गेल्या गेल्या लावला तर उपयोग होतो. ऑफिसचा बोर्ड उतरलाय, नंबर बंद आहे, पण दुसऱ्या नावानं दुसरीकडं उघडतील. अक्कलकोट, बार्शीकडची पोरंही त्या ऑफिसात दिसायची. तुमच्याकडं असंच अल्बर्टावालं लेटर असेल तर चॅट डिलीट करू नका, यूपीआयचे स्क्रीनशॉट आणि बँक स्टेटमेंटची प्रिंट घेऊन पोलीस स्टेशनला जा. तक्रारदार जास्त असले की तपासाला जोर येतो.