डिझायर दिली, जुनी सी-क्लास घेतली : सोलापुरातल्या एक्स्चेंजचा अनुभव

अक्षय्य तृतीयेला, म्हणजे ३० एप्रिल २०२५ ला, आमची २०१४ ची डिझायर डिझेल देऊन २०१६ ची मर्सिडीज सी २२० डी घेतली. तेव्हापासून ओळखीतले दहा-बारा जण तरी विचारून गेले, कितीला पडली, डिझायरचे किती दिले, दुकान कसं आहे. प्रत्येकाला तेच परत सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकतो. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण त्या लोकांनी गाडी दाखवताना एक शब्द खोटा सांगितला नाही आणि नंतर कागदांसाठी सहा आठवडे फिरवलं, दोन्ही तितकंच खरं आहे आणि नाव टाकलं की लोक फक्त एकच बाजू लक्षात ठेवतात.

डिझायरबद्दल तक्रार काहीच नव्हती. १ लाख ४६ हजार किलोमीटर झाले होते, अक्कलकोट रोड एमआयडीसीतून टॉवेलचे गठ्ठे भरून किती फेऱ्या मारल्या त्याचा हिशोब नाही. पण महिन्यातून तीनदा पुणं असतं, त्यातली एक फेरी अप्पांना दवाखान्यात न्यायची, आणि अप्पांच्या कमरेला भिगवणच्या पुढं काही ती गाडी सोसत नव्हती. नवीन घ्यायची तर वीस लाखात मिळतं ते सगळं एसयूव्ही, चढायला उंच. म्हणून म्हटलं त्याच पैशात दहा वर्षं जुनी पण मोठ्या घरची सेडान बघू. नवी असताना ही गाडी चाळीस लाखाच्या आसपास होती, आपल्याच चाकणला तयार झालेली.

आता एक्स्चेंजचं गणित सांगतो, इथं माणसं फसतात. तीन ठिकाणी फिरलो. पहिल्या ठिकाणी डिझायरचे सरळ ४ लाख म्हणाले, हिला तर लगेच पटलं, पण त्यांच्या गाडीची किंमत होती १९ लाख २५ हजार. दुसरीकडे डिझायरचे २ लाख ४० म्हणाले आणि गाडी १७ लाख ६० ला. वजाबाकी करा, पहिल्याकडे वरचे १५ लाख २५ द्यायचे आणि दुसऱ्याकडे १५ लाख २०, म्हणजे जिथं जास्त दिल्यासारखं वाटतं तिथंच पाच हजार जास्त जातात. डिझायरची किंमत आणि नव्या गाडीची किंमत वेगवेगळी बोलूच नका, वरचे किती द्यायचे तेवढा एकच आकडा विचारायचा. ज्यांच्याकडून घेतली त्यांनी १८ लाख २५ सांगितली होती, घासाघीस होऊन १७ लाख ६० ला आली, डिझायरचे ३ लाख २५ लावले, म्हणजे वरचे १४ लाख ३५. बाहेर थेट विकली असती तर साडेतीन मिळाले असते, एकानं विचारलंही होतं पण तीन हप्त्यात देतो म्हणाला, ते नको वाटलं.

एका ठिकाणी सेल्समननं बिलावर १८ टक्के जीएसटी वेगळा लागेल असं सांगितलं. ते साफ चूक आहे. जुन्या गाडीच्या दुकानदाराला १८ टक्के लागतो तो त्याच्या मार्जिनवर, म्हणजे त्यानं कितीला घेतली आणि कितीला विकली यातल्या फरकावर, पूर्ण किंमतीवर नाही. तुम्हाला कोणी पूर्ण किंमतीवर लावत असेल तर तिथून उठा. दहा लाखाच्या वरच्या गाडीवर १ टक्का टीसीएस, म्हणजे विकणारा आपल्याकडून आधीच घेऊन सरकारात भरतो तो आयकर, मात्र घेतात, माझे १७ हजार ६०० कापले, ते पॅनवर दिसतात आणि रिटर्न भरताना वळते करून घेता येतात, त्यामुळं त्याला घाबरू नका.

गाडी तपासायला आमचे मिस्त्री बरोबर नेले होते आणि हा निर्णय सगळ्यात बरोबर ठरला. दुकानवाल्यानं चहा मागवला, मिस्त्रींनी तो तसाच ठेवला आणि आधी चारी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढले. मला कळेना काय करतायत. म्हणाले, "मालक, २०१९ च्या पुरात सांगली-कोल्हापूरला किती गाड्या बुडल्या ठाऊक हाय का, धुऊन पुसून सगळीकडे विकल्या त्या. सीट धुतात, मॅट बदलतात, पण बेल्टच्या मुळाशी कोण बघत नाही, तिथं मातीची रेघ राहते." आमच्या गाडीचे बेल्ट शेवटपर्यंत स्वच्छ निघाले. मग डिकीतला गालिचा उचलून खाली हात फिरवला, कुठं गंज नाही, ओल नाही. मग टायर. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. मागच्या दोन टायरवर २३१६ होतं, म्हणजे २०१६ चा तेविसावा आठवडा, गाडीबरोबर आलेले टायर, नऊ वर्षांचे. नक्षी अजून चांगली होती, मी एकटा असतो तर टायर छान आहेत म्हणून सोडून दिलं असतं, पण मिस्त्रींनी नखानं दाबून दाखवलं तर रबर लाकडासारखं कडक झालेलं आणि खाचांच्या तळाशी बारीक भेगा. आपल्याकडचं ४३-४४ चं ऊन, खाली तापलेला डांबरी रोड आणि शंभरच्या वर स्पीड, असे टायर फुटायला वेळ लागत नाही. दुकानवाल्यानं वाद घातला नाही, त्याच किंमतीत मागचे दोन नवीन टाकून दिले. याचे त्याला पूर्ण मार्क.

किलोमीटर ५८ हजार दिसत होते. चॅसी नंबरवरून पुण्याच्या वर्कशॉपमधला सर्व्हिसचा इतिहास काढला, तो त्यांनी स्वतःहून काढून दिला हेही लिहायला पाहिजे. दर वर्षीचा आकडा जुळत होता. हा कागद नसेल तर अशी गाडी घेऊच नका, मीटर मागं नेणं ही फार जुनी कला आहे.

गाडीबद्दल काय सांगू. २१४३ सीसीचं डिझेल इंजिन, १७० हॉर्सपॉवर, सात गियरचा ऑटोमॅटिक. आकड्यांपेक्षा पहिल्या फेरीचं सांगतो. सकाळी सहाला निघालो, केगाव सोडलं, सावळेश्वर टोल, मोहोळ, टेंभुर्णी, मी मुद्दाम गप्प होतो आणि आरशातून अप्पांकडं बघत होतो. नेहमी ते टेंभुर्णीला गाडी थांबव म्हणतात, पाय मोकळे करतात. यावेळी इंदापूर गेलं तरी काही बोलले नाहीत, बघतो तर झोपलेले, डोकं खिडकीला टेकलेलं आणि ते डोकं हलत नव्हतं. पन्नास वर्षं यंत्रमागाच्या खडखडाटात काढलेला माणूस, इतक्या शांततेत झोपलेला मी पहिल्यांदा बघितला. भिगवणला उजनीचं पाणी दिसायला लागलं तेव्हा जागे झाले आणि म्हणाले, "आलं व्हय एवढ्यात?" माझे पैसे तिथंच वसूल झाले.

अप्पांच्या वयाची माणसं घरात असतील तर एक करा, घेण्याआधी त्यांना दुकानात नेऊन तीन-चार वेळा बसवा आणि उतरवा. ही गाडी बसकी आहे. आत बसायला काही नाही, उतरताना गुडघ्यावर जोर येतो. आम्ही आता उतरताना आधी दोन्ही पाय बाहेर ठेवून मग दाराच्या चौकटीला धरून उठायचं असं शिकवलंय, जमतं. जुळे सोलापूरच्या गल्ल्यांतले उंच ब्रेकर तिरके घ्यावे लागतात. स्टेपनी डिकीतच वर बसते, त्यामुळं सामानाची जागा डिझायरच्या हिशोबानं बघू नका, मी सॅम्पलचे गठ्ठे आता टेम्पोनंच पाठवतो.

आणि ही गोष्ट कृपया नीट वाचा, जिवाशी खेळ आहे. आपल्या मारुती-ह्युंदाईत इंडिकेटरची दांडी स्टिअरिंगच्या उजव्या हाताला असते. या गाडीत उजव्या हाताला जी दांडी आहे ती गियरची आहे, इंडिकेटर डावीकडे. दहा वर्षांची सवय हातात असते. तिसऱ्या दिवशी सात रस्त्याला वळताना माझा हात सवयीनं उजवीकडच्या दांडीवर गेला आणि गाडी न्यूट्रलला, मागं सिटी बस, मी अॅक्सिलरेटर दाबतोय आणि गाडी नुसती ओरडतीय. सुदैवानं स्पीड कमी होता. नवीन घेतलेल्यांनी पहिला आठवडा रिकाम्या रोडवर, विजापूर रोडच्या बाहेरच्या बाजूला वगैरे, नुसतं डावा-उजवा इंडिकेटर देण्याची प्रॅक्टिस करा. घरात दुसरं कोणी चालवणार असेल तर त्यांनाही सांगा, मी हिला आधी अर्धा तास उभ्या गाडीत बसवून हेच करायला लावलं.

खर्चाचं पटकन सांगतो. हायवेला १७ पर्यंत ॲव्हरेज देते, गावात ११. कंपनीच्या वर्कशॉपला पुणं गाठावं लागतं, आमची फेरी असतेच म्हणून चालतं, ज्यांचं पुण्याला जाणं नाही त्यांनी शंभरदा विचार करावा. इन्शुरन्सला एक गोष्ट उपयोगी पडली, नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याची हप्त्यातली सूट, हा गाडीचा नसतो, माणसाचा असतो. डिझायरवर माझा ५० टक्के जमला होता, जुन्या कंपनीकडून तसं पत्र घेतलं आणि या गाडीच्या पॉलिसीला लावलं, ओन डॅमेजचा, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचा, हप्ता निम्म्यावर आला. दुकानवाले हे स्वतःहून सांगत नाहीत.

आता कागदांचं, आणि इथं माझा खरंच जीव जळलाय. डिझायरची चावी ३० एप्रिलला दिली, मालकी बदलायच्या फॉर्म २९, ३० वर सह्या केल्या, आठ दिवसात नावावरून उतरवतो म्हणाले. ११ मे, रविवार, दुपारी आम्ही जेवायला बसलेलो आणि मोबाईलवर मेसेज, फास्टॅगमधून वरवडे टोलचे पैसे कापले. माझी गाडी दारात उभी. मग लक्षात आलं की डिझायरच्या काचेवरचा टॅग मी काढलाच नाही, आणि गाडी कोणीतरी वापरतंय. टॅग लगेच बंद केला. दुकानात फोन केला तर, होऊन जाईल मालक, आरटीओत गर्दी आहे. पुढच्या आठवड्यात परत तेच. ३ जूनला ओव्हरस्पीडचं ई-चलान आलं माझ्या नावावर. फोटो उघडला तर आमचीच डिझायर, मागच्या काचेच्या कोपऱ्यात मुलीनं चौथीत असताना चिकटवलेलं फुलपाखरू सुद्धा दिसत होतं. चलानाचं काही नाही हो, पण त्या जागी अपघात असता तर? २०१८ साली सुप्रीम कोर्टानं स्पष्ट सांगितलंय की आरटीओच्या रेकॉर्डवर ज्याचं नाव तोच मालक, गाडी पुढं कितीही हातात गेली असली तरी भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन बसलो आणि काम होईपर्यंत उठणार नाही म्हटलं. तिथं कळलं की यांच्याकडं आरटीओचं अधिकृत डीलरचं सर्टिफिकेटच नाही. १ एप्रिल २०२३ पासून नियम आहे, जुन्या गाड्यांच्या दुकानदारानं आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचं, आपली गाडी ताब्यात घेतली की फॉर्म २९ सी पोर्टलवर भरायचा, आणि मग पुढं विकेपर्यंत गाडीची जबाबदारी कायद्यानं त्याची. हे मला आधी माहीत असतं तर पहिला प्रश्न हाच विचारला असता. शेवटी १० जूनला नाव उतरलं, ४१ दिवसांनी. चलान त्यांनी भरलं, आणि ते भरलं याचं एकमेव कारण म्हणजे गाडी देताना मी तारीख आणि वेळ घालून, किलोमीटर लिहून, शिक्का-सहीचा कागद घेतला होता. मोबाईलमध्ये त्याचा फोटो होता तो समोर ठेवला, मग बोलणं बंद झालं.

परत गाडी घ्यायची वेळ आली तर याच दुकानात जाईन का? गाडी बघायला नक्की जाईन, त्यांचा माल चांगला आहे आणि टायरच्या वेळी दाखवलेली सचोटी मी विसरणार नाही. पण जुनी गाडी त्यांना देणार नाही, ती आधी बाहेर विकून, नाव उतरलेलं डोळ्यांनी बघून, मग पैसे घेऊन जाईन.

एक काम अजून बाकी आहे, दुसरी चावी. या गाड्यांची चावी कोपऱ्यावरच्या चावीवाल्याकडं होत नाही, आरसी आणि ओळखपत्र दाखवून कंपनीकडूनच मागवावी लागते आणि ती स्वस्त नाही. व्यवहारात दोन चाव्या ठरल्या होत्या, एक मिळाली, दुसरी आधीच्या मालकाकडून पुण्याहून येतीय म्हणतात. वीस हजार मी त्यासाठी रोखून ठेवलेत. शनिवारी आरसी घेऊन परत जाणार आहे.