कॅटेकॉलची रिंग फोडायला कुठला एन्झाइम: १,२ की २,३?

एमएस्सीच्या प्रोजेक्टला यातला कुठला घेऊ असं एका ज्युनियरने विचारलं, म्हणून लिहितोय. बेंझिन, फिनॉल, टोल्युइन खाणारे बरेच बॅक्टेरिया शेवटी कॅटेकॉलपाशीच (शेजारी-शेजारी दोन ओएच गट असलेली बेंझिनची रिंग) येतात आणि तिथून वाटा फुटतात.

१,२-डायऑक्सिजनेज (ऑक्सिजन वापरून रिंग फोडणारा एन्झाइम) दोन ओएचच्या मधला बंध तोडतो, २,३ वाला बाजूचा. वरवर किरकोळ फरक, पण सगळं इथेच बदलतं.

टिकाऊपणात १,२ सरस, कारण त्यातलं लोह आधीच फेरिक (Fe³⁺, म्हणजे ऑक्सिडाइज झालेलं) असतं. २,३ मध्ये फेरस (Fe²⁺), ते हवेने ऑक्सिडाइज झालं की एन्झाइम गेला कामातून, म्हणून बफरमध्ये १० टक्के ॲसिटोन घालतात (हो, ॲसिटोन! मलाही आधी चेष्टाच वाटली होती).

मोजायला मात्र २,३ सोपा, कॉलनीवर कॅटेकॉल टाकलं की पिवळीधम्मक होते, ३७५ नॅनोमीटरला रीडिंग घ्या. १,२ ने रिंग फुटून तयार होणारं म्युकोनेट बिनरंगी, २६० ला दिसतं, म्हणजे क्वार्ट्‌झ क्युव्हेट (नमुना ठेवायची छोटी पारदर्शक नळी) आणि यूव्हीची सोय लागणार, ती तुमच्या लॅबमध्ये आहे का ते आधी बघा.

टोल्युइन-झायलीनसारखे मिथाइलवाले प्रदूषक असतील तर २,३ घ्या, सुडोमोनास पुटिडा या बॅक्टेरियाच्या टोल प्लास्मिडवर (क्रोमोसोमबाहेरच्या डीएनएवर) याचाच जीन असतो. क्लोरीनवाले असतील तर सहसा १,२ च्या जातीतले, कारण ३-क्लोरोकॅटेकॉल फोडताना २,३ स्वतःच निकामी होतो. नायलॉनच्या कच्च्या मालासाठी म्युकोनेट हवं असेल तरीही १,२ च.